रविवारची मूठमाती

सिस्टर निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण गल्लीत तिला अजून सगळे सिस्टरच म्हणत. एकतीस वर्षं तिने ऑपरेशन थिएटरात काढली. तिथे तिचा एक शब्द प्रसिद्ध होता: "हात!" हातमोजे चढवलेला एखादा डॉक्टर बोलता बोलता घाम पुसायला गेला, की कोपऱ्यातून तिचा आवाज यायचा, "हात!", आणि भलेभले सर्जन जागच्या जागी थिजायचे. मग पुन्हा धुणं, पुन्हा मोजे, सगळं पहिल्यापासून. पाठीमागे तिला खाष्ट म्हणत, आणि घरच्या माणसाचं ऑपरेशन असलं की तीच ड्यूटीवर हवी म्हणून वशिला लावत.

म्हणूनच बहुधा निवृत्तीनंतर ती मातीवर अशी तुटून पडली. दोन खोल्या आणि वर गच्ची, गच्चीवर साठेक कुंड्या. एकतीस वर्षं साबणाने आणि ब्रशने घासून घासून ज्या हातांची सालं निघाली, त्या हातांनी ती कोपरापर्यंत माती कालवायची, आणि नखांत माती तशीच ठेवून चहाचा कप उचलायची. मास्तरांच्या बायकोने एकदा टोकलं, तर म्हणाली, "वहिनी, माझं जन्माचं धुऊन झालंय. आता मी हात धुणार नाही." सगळे पोट धरून हसले होते. पुढे तेच बोलणं तिला नको तेव्हा आठवत राहिलं.

सगळे म्हणजे रविवारची मंडळी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी गावातले अकरा-बारा झाडवेडे तिच्या गच्चीवर जमत. ज्याच्याकडे नवं फूल आलं त्याने कुंडी घेऊन यायचं आणि मनसोक्त कौतुक करून घ्यायचं. ज्याचं झाड गेलं त्यानेही यायचं, रिकामी कुंडी मातीसकट घेऊन. ही पद्धत सिस्टरनेच पाडली. पहिल्या वर्षी तिचं लिंबाचं झाड वाळलं तेव्हा ती हमसून हमसून रडली. नवरा गेला तेव्हा आपण इतकं रडलो नव्हतो, हे तिनेच सांगितलं, आणि मग सांगितलं म्हणून ओशाळली. शेवटी डोळे पुसून तिने त्या कुंडीतली माती सगळ्यांना एकेक मूठ वाटली. "घरी आपापल्या झाडांना घाला," म्हणाली, "माझं दुःख जरा पांगू दे." कुंडी रिकामी झाली. ती तशी बघवेना, म्हणून पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपल्या घरून मूठभर माती आणून ती भरून दिली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. गेलेल्या झाडाची मूठ न्यायची, आपल्या घरची मूठ द्यायची. लोक येतानाच पिशवीत माती घेऊन येत. कोणाची कुंडी रिकामी झाली असेल, सांगता येतं का?

या प्रकाराला 'मूठमाती' हे नाव ठेवलं ते शिंप्याने. बायकांचे कपडे शिवायचं त्याचं दुकान होतं, आणि रविवारीसुद्धा गळ्यात टेप असायची. जिभेला हाड नसलेला, पण मनाचा लोण्यासारखा माणूस. मास्तरांच्या बायकोने तेव्हाच त्याला झापलं होतं, "जिवंत झाडांना असलं अभद्र नाव ठेवू नका हो." शिंपी कान पकडून म्हणाला, "ठेवलं नाही वहिनी, चिकटलं." आणि खरंच चिकटलं. येत्या रविवारी कोणाची मूठमाती आहे, असं मंडळी खुशाल रस्त्यात विचारू लागली.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. मुलखाचे अबोल. घरात बोलायचं काम वहिनींकडे होतं आणि ते त्या दोघांच्या वाटचं करत. वहिनींचा जीव अँथुरियमवर. अँथुरियमचं फूल म्हणजे एक चकचकीत रंगीत पान आणि त्यातून वर आलेली दांडी. एका दांडीवरचे पराग मास्तरांच्या जुन्या ब्रशने टिपायचे, दुसऱ्या झाडाच्या दांडीला लावायचे, आणि मग महिनोन्‌महिने वाट बघत बसायचं. वहिनींनी आपल्या हाताने एक गर्द काळपट लाल आणि एक हिरव्या काठाचं पांढरं यांची सोयरीक जुळवली. बी धरलं, पिकलं, चाळीस रोपं उगवली. आणि रोपं बोटभर झाली असतील नसतील, वहिनी जिन्यावरून पडल्या. कमरेखालचं सगळं गेलं.

त्याला आता तीन वर्षं होत आली होती. खिडकीला लागून पलंग, खिडकीच्या कट्ट्यावर रोपं, आणि पलंगावरून हुकूम: "पाणी आज नको. तिसरं जरा उन्हातून सरकवा. अहो, तिसरं म्हणजे तुमच्याकडून नव्हे, माझ्याकडून." मास्तर निमूटपणे सरकवत. चाळीसांतली काही कुजली, काही गोगलगायींनी खाल्ली, काही नुसतीच खंगली. शेवटी दोन उरली. फूल अजून एकालाही आलं नव्हतं. कोणत्या रंगाचं येणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं, कारण ह्या दोन रोपांखेरीज त्या जोडीचं झाडच जगात नव्हतं. वहिनींना तेवढंच बघायचं होतं. उठायची आशा त्यांनी सोडली होती, डॉक्टरांशी भांडायचंही सोडलं होतं. हा रंग तेवढा त्यांनी धरून ठेवला होता.

त्या वर्षी सिस्टरने एक साधी गोष्ट केली. बाजारातून आणलेल्या आल्याला टोपलीतच कोंब फुटला होता, तो तिने कुंडीत खोचला. स्वयंपाकघरातून फुकट मिळालेलं झाड म्हणून ती त्याच्यावर भलतीच खूश होती. दीड हात वाढलं. मग एक दिवस पानांचे काठ पिवळे पडले, पानं गुंडाळायला लागली, आणि आठ दिवसांत सगळं झाड आडवं झालं. तिने खोड धरून जरा ओढलं तर ते सरळ हातात आलं, आणि असा वास सुटला की वॉर्डातल्या एका जुन्या पेशंटची जखम तिला नावानिशी आठवली. थिएटरात असा वास आला असता तर तिने सगळी खोली रिकामी करून धुऊन काढली असती. इथे तिने नाक मुरडलं, खोड कचऱ्यात टाकलं, आणि रविवारी कुंडी मधोमध ठेवली. मंडळी हळहळली. अकरा जणांनी अकरा मुठी नेल्या. तिला बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात दोन रिकाम्या कुंड्या आल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात पाच.

सगळ्यांची कहाणी एकच. झाड दुपारी मान टाकतं. संध्याकाळी पुन्हा ताठ होतं, म्हणून माणूस म्हणतो, उन्हाने दमलं असेल. दोन-चार दिवस असं चालतं. मग एका संध्याकाळी ते उठतच नाही. कोणाची मिरची गेली, कोणाचं वांगं, कोणाचे फुलांनी लगडलेले टोमॅटो. कारणं तर काय, तोंडाला येतील ती. पाणी जास्त झालं, पाणी कमी झालं, खत भेसळीचं निघालं. कोणीतरी हळूच म्हणालं, नजर लागली, आणि मग गेल्या वर्षी मंडळीत नव्याने आलेल्या बाईकडे सगळ्यांनी उगाच एकदा बघितलं. ती बिचारी पुन्हा आली नाही. शिंप्याच्या दुकानामागची केळही दुपारची मलूल दिसायला लागली होती. "गिऱ्हाईकांची बोलणी ऐकून थकली असेल," तो म्हणाला, पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. आणि दुःख वाढलं तशी माणसं जास्तच उदार झाली. एकीच्या जागी दोन दोन मुठी द्यायला लागली.

त्याच पाच कुंड्यांच्या रविवारी मास्तर एक कुंडी छातीशी धरून आले. वहिनींच्या दोन रोपांतलं एक मांजराने कट्ट्यावरून पाडलं होतं. त्यात रोगाचा काही संबंध नव्हता, निव्वळ मांजराचा वांडपणा. मंडळींना फार वाईट वाटलं. वहिनींसाठी म्हणून सगळ्यांनी ओंजळी भरभरून माती दिली, सिस्टरने सगळ्यांत जास्त. मास्तरांनी घरी जाऊन सांगितलं, आणि वहिनींनी हुकूम सोडला, "उरलेल्याला त्याची कुंडी लहान पडतेय. त्याला ह्या मातीत लावा. सगळ्यांचे हात लागलेत, जोम धरेल."

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, सिस्टर गावाबाहेरच्या नर्सरीत गेली. नर्सरीवाली तिच्या ओळखीची होती. 'एक नर्स, एक नर्सरी,' असं शिंपी दोघींना चिडवायचा. सिस्टरने तिला आपली नुकतीच कोलमडलेली मिरची दाखवली, मुळासकट पिशवीत घालून आणली होती. नर्सरीवालीने पिशवीत नुसतं डोकावलं आणि दोन पावलं मागे सरली.

"वाफ्यांजवळ आणू नका ते. तिथेच थांबा."

तिने काचेचा ग्लास आणला, स्वच्छ पाण्याने भरला. मिरचीचं खोड तिरकं कापलं आणि कापलेलं टोक पाण्यात धरलं. "ग्लास हलू देऊ नका," म्हणाली. दोघी बघत उभ्या राहिल्या. मिनिटभर काही झालं नाही. मग कापलेल्या टोकातून एक पांढरा धागा निघाला, पाण्यात दुधाचा थेंब सोडल्यावर निघावा तसा, आणि सावकाश तळाकडे उतरत गेला. त्याच्यामागून दुसरा.

"मर," नर्सरीवाली म्हणाली. "मर रोग म्हणतात ह्याला. मातीत असतो, मुळातून शिरतो. औषध नाही. आधी काय मेलं होतं तुमच्याकडे?"

"आलं."

"बाजारातलं लावलं होतंत?"

सिस्टरने मान हलवली.

"त्यातूनच आला असणार. बरं, ती माती कुठे टाकलीत? बघा, चिमूटभर पुरते त्याला, आणि वर्षानुवर्षं मरत नाही. कुठे टाकलीत, सिस्टर?"

 सिस्टर मनातल्या मनात मुठी मोजत होती. अकरा. मग दोन कुंड्यांच्या अकरा अकरा. मग पाच कुंड्यांच्या. मोजता मोजता मास्तरांची छातीशी धरलेली कुंडी डोळ्यांसमोर आली.

घरी येऊन तिने हात धुतले. नळाखाली, कोपरापर्यंत, ब्रशने, घड्याळ लावून पाच मिनिटं, थिएटरात धुवायची तसे. मग खुर्चीत बसून राहिली. खरं म्हणजे त्याच पावली मास्तरांकडे जायला हवं होतं. ती गेली नाही. मंगळवारीही गेली नाही, बुधवारीही नाही. तिला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी. या माणसांशिवाय तिला कोणी नव्हतं. एकतीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी ती दुसऱ्यांवर ओरडली, ती तिनेच केली होती, आणि वर त्याला रिवाजाचं नाव दिलं होतं. हे तोंडाने सांगायचं कसं? आणि कदाचित त्या झाडाला काही झालंही नसेल, असंही ती स्वतःला समजावत होती. थिएटरात कोणी 'कदाचित' म्हटलेलं तिला खपत नसे.

गुरुवारी दुपारी ती गेली. मास्तरांनी दार उघडलं. आतून वहिनींचा आवाज आला, "सिस्टर का? या या, लवकर या. अहो, कळी धरली!"

खिडकीत ते झाड होतं. पानं तळहातापेक्षा मोठी, तजेलदार. मधे एका देठावर, पापुद्र्याच्या आत, काहीतरी टोकदार फुगलं होतं. वहिनींचा चेहरा इतका फुललेला तिने तीन वर्षांत पाहिला नव्हता. सिस्टरची नजर मात्र खाली गेली. सगळ्यांत खालच्या पानाने मान टाकली होती.

"ते होय?" वहिनी म्हणाल्या. "दुपारचं होतं तेवढं. परवापासून. संध्याकाळी ठीक असतं. दमतं हो, पहिलटकरीण आहे ती."

सिस्टर पलंगाच्या कडेला बसली आणि तिने सांगितलं. आल्यापासून सांगितलं, ग्लासातल्या धाग्यापर्यंत. काही गाळलं नाही. वहिनींनी एकदाही मधे तोंड घातलं नाही, आणि वहिनी गप्प राहिलेल्या त्या घराने कधी पाहिल्या नव्हत्या. मास्तर भिंतीला टेकून उभे होते.

"पाणी आणा," वहिनी मास्तरांना म्हणाल्या. "काचेच्या ग्लासात."

सिस्टरने ते मान टाकलेलं पान देठासकट कापलं. ग्लास वहिनींनी स्वतः धरला, खिडकीच्या उजेडासमोर. कापलेलं टोक पाण्यात बुडलं. रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सिस्टर मनातल्या मनात कोणाकोणाला विनवत होती तिचं तिलाच ठाऊक. मग धागा आला. बारीक होता, पण होता.

वहिनींचा हात जरासुद्धा हलला नाही. "किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"आठ. फार तर दहा."

"आणि फूल उमलायला?"

"तीन आठवडे तरी."

"मग आत्ताच उघडून बघा."

"वहिनी..."

"तुम्हीच उघडा. ह्यांचा हात थरथरतो."

सिस्टरने जन्मभर दुसऱ्यांच्या हातात ब्लेड दिलं होतं, स्वतः कधी चालवलं नव्हतं. तिने मास्तरांच्या स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात पाणी उकळलं आणि ब्लेड त्यात टाकलं. मास्तर दारात येऊन हळूच म्हणाले, "आता कशाला, सिस्टर? राहू द्या." तिने ऐकलं नाही. पूर्ण दहा मिनिटं ब्लेड उकळलं, आणि उकळताना ती रडली, कारण तिथे वहिनींना दिसत नव्हतं.

पापुद्रा तिने वरून खाली चिरला, अलगद बाजूला केला. आत फूल होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, गुंडाळलेलं. तिने ब्लेडच्या टोकाने ते उलगडलं आणि झाड उचलून वहिनींच्या डोळ्यांजवळ धरलं. वहिनी बराच वेळ बघत होत्या. पांढरट हिरवं, कोवळ्या कोंबाचं असतं तसं. रंग अजून भरलाच नव्हता.

"नाही आला," वहिनी म्हणाल्या. मग मान भिंतीकडे वळवली. तिकडे बघतच विचारलं, "तुम्हाला कळलं कधी?"

"सोमवारी."

 परवापासून पान मान टाकतंय, हे वहिनींनीच मघाशी सांगितलं होतं. सोमवारी संध्याकाळी मुळं धुऊन झाड दुसऱ्या मातीत लावलं असतं तर वाचलं असतं का, हे नर्सरीवालीलाही सांगता आलं नसतं. सिस्टरने तो प्रश्न तिला कधी विचारलाही नाही.

रविवार आला. सिस्टरने घरोघर जाऊन सांगितलं होतं, कोणी काही आणू नका. तरी मंडळी जमली आणि नऊ रिकाम्या कुंड्या घेऊन आली, कारण दुःखाच्या दिवशी त्यांना दुसरं काही करायला येतच नव्हतं. सिस्टर गच्चीच्या दारात उभी राहिली आणि तिने सगळ्यांना सगळं सांगितलं, सोमवार ते गुरुवारसकट. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त आपापल्या हातांकडे बघत होते. शिंपी हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या दारातून गिऱ्हाईकांनी रोपं नेली, सिस्टर. मातीसकट. किती जणींनी, मोजलं नाही मी." मग कोणाला आठवलं, शाळेच्या बागेत आपण ह्याच मातीने वाफा केला होता. आणखी कोणाला आठवलं, हॉस्पिटलच्या आवारातली केळीची रांग. ती यंदा सिस्टरनेच लावली होती.

तेवढ्यात मास्तर आले. वहिनींची कुंडी त्यांनी मधोमध ठेवली. घासून धुतलेली, कोरडी ठणठणीत. "तिने पाठवलीय," एवढंच म्हणाले.

शिंप्याचे डोळे भरून आले. वहिनींची कुंडी रिकामी, हे त्याला सोसवेना. घरून निघताना सवयीने पिशवीत माती घेतली होती त्याने. आता ऐकलेलं सगळं विसरून त्याने पिशवीत हात घातला, मूठ भरली आणि पुढे झाला. मूठ कुंडीच्या काठावर आली.

"हात!"

सिस्टरचा आवाज गच्चीभर घुमला. सात वर्षांत तिने तो काढला नव्हता. शिंपी जागच्या जागी थिजला, मूठ तशीच हवेत.

 मुठीच्या फटीतून बारीक माती झिरपायला लागली, तशी त्याने दुसऱ्या हाताची ओंजळ तिच्याखाली धरली. त्याने आजूबाजूला पाहिलं. चहूकडे सिस्टरच्या उरलेल्या कुंड्या, गच्चीच्या कठड्याखाली शेजारची बाग, पलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे लोकांची अंगणं.

"मग ही आता टाकू कुठे, सिस्टर?" त्याने विचारलं.

सिस्टर त्याच्या बंद मुठीकडे बघत राहिली. तिच्याकडे जागा नव्हती.